हरणांच्या रंगातील नैसर्गिक विविधता (चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे)

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या वनांत मृगकुलातील चितळ, सांबर व भेकर या तीन जाती आढळतात. या तिन्ही जातींचा रंग भिन्न असतोच. शिवाय एकाच जातीतील सर्व प्राणीही सारख्या रंगाचे नसतात. हा फरक मुख्यतः वय, लिंग, ऋतू व जनुके यांमुळे पडतो. त्यामुळे केवळ रंगावरून जात ठरविल्यास ओळख चुकण्याचा संभव असतो.

अधिवास

वरोऱ्याच्या पूर्वेस ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आहे. ताडोबा राष्ट्रीय उद्यान 1955 मध्ये व अंधारी अभयारण्य 1986 मध्ये घोषित झाले. दोन्ही मिळून 1995 मध्ये व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. गडचिरोली जिल्ह्यात चपराळा व भामरागड ही अभयारण्ये आहेत. साग व बांबू यांची ही वने पानझडी आहेत. उन्हाळ्यात वाळलेला पाचोळा व पिवळे गवत आणि पावसाळ्यात दाट हिरवाई, अशा दोन्ही पार्श्वभूमींवर हरणांना वावरावे लागते.

जातिनिहाय रंग

चितळ : अंग तांबूस-पिंगट असून त्यावर पांढरे ठिपके असतात. हे ठिपके जन्मापासून अखेरपर्यंत टिकतात. मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर गडद पट्टा असतो. गळा, पोट व शेपटीची खालची बाजू पांढरी असते. प्रौढ नर मादीपेक्षा गडद असतो व त्याच्या चेहऱ्यावर काळसर खुणा दिसतात.

सांबर : केस राठ व रंग तपकिरी असतो. मादी व पाडसे फिकट, तर प्रौढ नर गडद असतो. वृद्ध नर जवळजवळ काळा दिसतो व त्याच्या मानेवर आयाळ असते. सांबर चिखलात लोळत असल्यामुळेही त्याचा रंग मूळ रंगाहून वेगळा भासतो.

भेकर : रंग तांबूस असतो. पाडसांच्या अंगावर ठिपके असतात. वाढत्या वयाबरोबर ते नाहीसे होतात. त्यामुळे भेकराचे पाडस व चितळाचे पाडस यांत गल्लत होऊ शकते.

विदर्भात रोही म्हणून परिचित असलेली नीलगाय व काळवीट यांनाही बोलीभाषेत हरीण म्हटले जाते. परंतु ते गवयकुलातील प्राणी आहेत. मृगकुलातील नरांची शिंगे भरीव असून ठरावीक काळाने गळून पडतात, तर गवयकुलातील शिंगे पोकळ व कायमची असतात. रोहीचा नर निळसर-करडा व मादी पिंगट असते. काळविटाचा नर वयाबरोबर काळा होतो. मादी पिवळसर-तपकिरीच राहते.

रंगाची कारणे

केसांचा रंग मेलानिन या रंजकद्रव्यावर अवलंबून असतो. त्याचा एक प्रकार काळा-तपकिरी व दुसरा तांबूस-पिवळा रंग देतो. दोहोंचे प्रमाण जनुके ठरवितात. वयात येणाऱ्या नरांमध्ये संप्रेरकांचाही परिणाम होतो. समशीतोष्ण प्रदेशातील अनेक हरणे उन्हाळ्यात तांबूस व हिवाळ्यात करडी होतात. कान्हा येथील बारशिंगाही हिवाळ्यात अधिक तपकिरी दिसतो. चितळात मात्र हा ऋतुमानाचा फरक अल्प असतो.

तांबूस रंग माणसाच्या डोळ्यांत भरतो. परंतु वाघ व रानकुत्रा यांना लाल व हिरवा यांतील भेद नीट कळत नाही. त्यांच्या दृष्टीने चितळाचा रंग गवताशी मिळताजुळता असतो. ठिपके झाडांतून झिरपणाऱ्या कवडशांसारखे भासतात, तर फिकट पोटामुळे शरीराखालची सावली उठून दिसत नाही.

पांढरी व काळी हरणे

क्वचित एखादे हरीण पूर्णतः पांढरे जन्मते. वर्णकहीनता असल्यास डोळे गुलाबी दिसतात, कारण त्यांतही मेलानिन नसते. डोळे नेहमीच्या रंगाचे व केस मात्र पांढरे असल्यास त्या अवस्थेस ल्युसिझम म्हणतात. मेलानिन अधिक असल्यास प्राणी काळा होतो. अशी हरणे वेगळी जात नव्हेत.

वर्णकहीनता सामान्यतः अप्रभावी जनुकामुळे येते. नर व मादी दोघेही नेहमीच्या रंगाचे, पण त्या जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक पाडस पांढरे होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणूनच तांबूस चितळ मादीच्या पोटी पांढरे पाडस जन्मू शकते. उघड्या रानात असे पाडस भक्षकाच्या नजरेस लवकर पडते.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात सेनेका येथील लष्करी आगाराला 1941 मध्ये कुंपण घातले गेले. आत अडकलेल्या हरणांत ल्युसिझम दिसू लागला, आणि पांढऱ्या हरणांना शिकारीपासून संरक्षण मिळाल्यावर त्यांची संख्या वाढली.

संवर्धनाशी संबंध

पांढरे हरीण दिसणे हे वन समृद्ध असल्याचे लक्षण मानता येत नाही. कळप लहान असून इतर कळपांपासून तुटला, की निकटसंबंधी प्राण्यांत प्रजनन होते व अप्रभावी गुण अधिक वेळा प्रकट होतात. त्यांत अपायकारक गुणही असू शकतात. वनांना जोडणारे संचारमार्ग खुले ठेवण्याचे महत्त्व यातून स्पष्ट होते. चितळ, सांबर व भेकर यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार संरक्षण आहे. रंग वेगळा असला तरी ते संरक्षण तेवढेच लागू असते.