ट्रॅक्टरखालचा तेल्या



डाळिंबावर तेल्या आला की सांगोल्याकडं गावभर बातमी होते. फळावर एक काळपट तेलकट ठिपका दिसला की बाया कात्री घेऊन बागेत शिरतात. पण ट्रॅक्टर जिथं उभा असतो तिथं मातीवर बशीएवढा काळा डाग पडलेला असतो, त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. "जुनं इंजिन आहे, गळणारच," असं म्हणतात आणि पुढं जातात. आम्हीसुद्धा तेच म्हणत होतो. म्हणून आज या दुसऱ्या तेल्याबद्दल बोलायचं आहे.

आमच्यातल्या एका गटाकडं मिनी ट्रॅक्टर आहे. सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांना 9 ते 18 अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि अवजारं मिळतात, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे. साडेतीन लाखांच्या मर्यादेत 90 टक्के अनुदान, बाकी 35 हजार गटाचे. ते 35 हजार दर महिन्याच्या बचतीतून साठवायला या गटाला किती दिवस लागले ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. पहिली काही वर्षं ट्रॅक्टरनं पैसे मिळवून दिले. बागेत ब्लोअरनं फवारणी, रब्बीत ज्वारीच्या रानाची पाळी, अशी कामं होती. मग इंजिनखालून तेल ठिबकायला लागलं.

चालवणारा पोरगा गटातल्याच एका वैनींचा. कामाला वाघ. गळती दिसली की तो खाली सरपटत जायचा आणि चेंबरचे बोल्ट आवळायचा. तरी गळतंय म्हटल्यावर पान्याला पाईप घालून आवळायचा. दोन दिवस थांबल्यासारखं वाटायचं, मग पहिल्यापेक्षा जास्त गळायचं. आणि हस्त बहाराच्या ऐन फवारणीत इंजिन बागेतच जाम झालं. ऑईलचा लाल दिवा लागायला हवा होता, पण त्याचा बल्ब कधीच गेला होता. बेअरिंग गेली, क्रँक खरडला. इंजिन उतरवून दुरुस्तीला 38 हजार गेले, म्हणजे गटाच्या हिश्श्यापेक्षा जास्त. शिवाय तीन आठवडे फवारणीची भाडी दुसऱ्या ट्रॅक्टरला गेली.

थेंबाथेंबानं एवढं तेल जातं का, असं त्या बैठकीत आक्कांनी विचारलं. तिथंच वहीत हिशेब मांडला. दर 10 सेकंदाला एक थेंब धरला, तर 8 तासांत 2,880 थेंब. 20 थेंबांचा साधारण 1 मिलिलिटर धरला तर दिवसाला 144 मिली. सात दिवसांत एक लिटर. छोट्या इंजिनमध्ये मुळात तीन-चार लिटरच तेल असतं. आकडा ऐकून बैठक गप्प झाली.

आता हे गळतं कशामुळं ते बघू. इंजिनच्या खाली तेल साठवायची परात असते, तिला मिस्त्री चेंबर म्हणतात. बऱ्याच छोट्या इंजिनांना ती पत्र्याची असते. परातीच्या काठाला भोकं असतात आणि पंधरा-वीस बारीक बोल्टांनी ती वरच्या इंजिनला जोडलेली असते. दोघांच्या मध्ये बुचाचं किंवा रबराचं पॅकिंग असतं, नाहीतर नुसतं सिलिकॉन. हे पॅकिंग म्हणजे आपल्या कुकरची रिंग समजा. रिंग कडक झाली की वाफ जाते. त्यावर उपाय म्हणून आपण झाकणावर दगड ठेवत नाही, रिंग बदलतो. इंजिनच्या उष्णतेनं बुचाचं पॅकिंग वर्षानुवर्षं वाळत जातं, आकसतं आणि कडक होतं. मग बोल्ट कितीही आवळा.

उलट आवळल्यानं नुकसानच होतं. पत्रा पातळ असतो. बोल्ट जादा आवळला की भोकाभोवतीचा पत्रा वर दबतो आणि दोन भोकांमधला काठ खाली झुकतो. काठाला लाटा येतात. त्या लाटांमधूनच तेल बाहेर येतं. पोरगा जितकं जोर लावून आवळत होता तितका काठ वाकडा होत होता. त्याची चूक काढायला नको, आम्हा कुणालाच हे माहीत नव्हतं.

किती आवळायचं? 10 नंबरच्या पान्यानं फिरणाऱ्या बारीक बोल्टला साधारण एवढा जोर पुरतो: 10 सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला 10 किलोचा दाब. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो, तो बघावा. जातं दळणारीला हे समजावून सांगायला लागत नाही. खुंटा मधल्या खिळ्यापासून जितका लांब तितकं जातं हलकं फिरतं. पान्याला हातभर पाईप लावला की तोच हात पाचपट जोर लावतो आणि हाताला ते कळतही नाही. म्हणून आखूड पाना घ्यायचा आणि मूठ न वळता दोन-तीन बोटांनी ओढायचा.

दुसरं कारण लोक विसरतात ते म्हणजे ब्रीदर. इंजिन चालताना थोडा धूर पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं खाली चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर जायला एक नळी असते, तोच ब्रीदर. आपल्या काळ्या रानाची धूळ आणि तेल मिळून ती नळी चिखलानं बुजते. कुकरच्या शिट्टीचं भोक बुजलं तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. आत दाब वाढतो आणि तेलाला जिथं कच्ची जागा सापडेल तिथून तो ते ढकलतो. नवीन पॅकिंग टाकलं आणि ब्रीदर तसाच ठेवला, तर नवीन पॅकिंगही महिन्यात गळायला लागतं. जुन्या इंजिनच्या रिंगा घासलेल्या असतील तर धूर जास्तच उतरतो. ब्रीदर साफ करूनही त्यातून भकाभका धूर येत असेल, तर चेंबरचं काम थांबवा आणि आधी मिस्त्रीला इंजिन दाखवा.

आमच्या प्रशिक्षणात इंजिन शिकवणाऱ्या सरांनी एक गोष्ट सांगितली, ती आम्हाला फार आवडली. जपानच्या माझदा कंपनीनं 1978 पासून आरएक्स-7 नावाची वेगवान गाडी बनवली. तिच्यात आपल्यासारखा पिस्टन नसतो, तिकोनी चकती फिरते. त्या इंजिनचे भाग भाकरीच्या चवडीसारखे एकाला एक लावून आवळलेले असतात, काही बीडाचे, काही अॅल्युमिनियमचे. तेलाची परात या सगळ्या सांध्यांच्या खालून जोडलेली असते. दोन्ही धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत, त्यामुळं जुन्या गाड्यांचं चेंबर हमखास गळतं. एवढ्या महागड्या गाडीचे हौशी मालक काय करतात? काठ सरळ करतात, तेलाचा अंश राहू न देता पुसतात आणि काठाखाली जाड पट्टीची चौकट लावतात, म्हणजे दाब सगळीकडं सारखा पडतो. हे ऐकून आम्ही वर्कशॉपमधून जाड पत्र्याच्या पट्ट्या कापून घेतल्या, बोल्टांच्या मापानं भोकं पाडली आणि बोल्टांच्या डोक्याखाली बसवल्या. पट्टी बसल्यापासून भोकाभोवती खळगा पडलेला नाही.

पण खोलायच्या आधी गळती खरोखर चेंबरचीच आहे का ते पाहा. तेल वरून गळतं आणि खाली येऊन ठिबकतं, चेंबर बिचारं उगाच बदनाम होतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑईल फिल्टर, पुढचं ऑईल सील, ड्रेन बोल्टचा तांब्याचा वायसर, यातलं काहीही असू शकतं. थंड इंजिन डिझेलनं आणि ब्रशनं धुऊन कोरडं पुसा. मग अंगाला लावायची पावडर पातळ भुरभुरवा, इंजिन दहा मिनिटं चालवा, बंद करा आणि बॅटरीनं बघा. पावडर जिथं सगळ्यात वर ओली झाली तिथं गळतीचं मूळ. एकीनं पावडरऐवजी रांगोळी सुचवली होती. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ती सीलमध्ये गेली तर सील कापते. तेल क्लचच्या डब्याखालच्या भोकातून येत असेल तर ते मागचं सील, तिथं आपलं काम नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. काही ट्रॅक्टरचं चेंबर जाड बीडाचं असतं आणि पुढच्या अॅक्सलचा भार त्याच्यावरच असतो. ते काढायचं तर ट्रॅक्टरचे दोन भाग करावे लागतात. तसला असेल तर घरी हात लावू नका.

पत्र्याचं असेल तर दोघीतिघी मिळून होतं. ट्रॅक्टर सपाट फरशीवर, चाकांना उटी, बॅटरीची वायर काढलेली. इंजिन कोमट असताना तेल काढा, गरम असताना नाही, हात भाजतो. हातात रबरी मोजे हवेत, जुनं ऑईल कातडीला चांगलं नाही. ते ओढ्यात किंवा विहिरीकडं ओतायचं नाही, डब्यात बंद करून ठेवायचं. चेंबर चिकटलेलं असेल तर सांध्यात पेचकस घालून उचकटू नका, ओरखडा पडला की तिथून कायम गळेल. लाकडी हातोडीनं बाजूनं हळू ठोका.

काठावरचं जुनं पॅकिंग लाकडाच्या चपट्या पट्टीनं खरवडा. पॉलिश पेपर नको, त्याची खर वर बेअरिंगमध्ये जाते. मग चेंबर शहाबादी फरशीवर पालथं घाला, फरशी मात्र गुळगुळीत आणि सपाट पाहिजे. काठाखालून उजेड दिसेल तिथं वाकडं. भोकाभोवतीचे खळगे लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातानं ठोकून सरळ करा. आम्हाला या कामाला अख्खी दुपार लागली आणि खरं काम तेच होतं, बाकी सगळं तासाभराचं. शेवटी दोन्ही बाजू थिनरनं पुसा, चुलीपासून लांब. बोटाला तेल लागलं तर परत पुसा.

बुचाचं पॅकिंग असेल तर ते कोरडंच बसतं. सिलिकॉन असेल तर शेवईपेक्षा थोडी जाड, तीन मिलिमीटरची धार, भोकांच्या आतल्या बाजूनं, कुठंही न तुटता. जास्त लावलं म्हणजे जास्त पक्कं, असं नाही. जादा सिलिकॉन आत दाबलं जातं, तुकडा तुटतो आणि तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकतो. मग चेंबर भरलेलं असूनही इंजिनला तेल मिळत नाही. सगळे बोल्ट आधी हातानं लावा, मग मधून सुरू करून समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. सिलिकॉन वाळायला एक दिवस द्या, मगच तेल भरा. बुचाच्या पॅकिंगचे बोल्ट पहिल्या चार-पाच तासांच्या कामानंतर थंड इंजिनवर एकदा बघावे लागतात. सिलिकॉनचे मात्र परत आवळू नका, वाळलेली धार तुटते.

पॅकिंग, ट्यूब आणि पट्ट्या मिळून आम्हाला पाचशेच्या आत खर्च आला.

त्याच बैठकीत गटाच्या वहीत एक नवा रकाना आखला. रोज सकाळी, ट्रॅक्टर सपाट जागेवर आणि इंजिन थंड असताना, तेलाची काडी बघून खूण लिहायची: वर, मध्ये की खाली. चावी फिरवल्यावर लाल दिवा लागतो का आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो का, हेही लिहायचं. रात्री इंजिनखाली पुठ्ठा टाकायचा. पाळीनं एक-एक जण हे करते, ट्रॅक्टर चालवता येत नसलेल्या म्हाताऱ्या मावशीसुद्धा. मागच्या आठवड्यात त्यांनीच पुठ्ठ्यावर रुपयाएवढा ओला ठिपका दाखवला. ड्रेन बोल्टचा वायसर निघाला. नवीन टाकला आणि ट्रॅक्टर नऊच्या आत बागेत गेला.