निळी-काळी शाई

"शाईवर कसला लेख लिहितोस? पेनात भरायची नि पेपर लिहायचा, झाले!" असे माझा वसतिगृहातला खोलीमित्र म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. दोन वर्षांपूर्वी मीही तेच म्हटले असते. आज माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा शाईच्या बाटल्याच अधिक जागा अडवतात. मात्र या छंदाची सुरुवात झाली ती जातपडताळणीपासून!

बारावीनंतर जात वैधता प्रमाणपत्र काढायचे होते. त्यासाठी वाडवडिलांची जुनी शालेय नोंद लागते. वडील आणि मी गावच्या शाळेत गेलो. हेडमास्तरांनी कपाटातून जनरल रजिस्टरे काढली. मागे एका पावसाळ्यात छप्पर गळून सगळ्याच रजिस्टरांना पाणी लागले होते. १९८४ च्या पानावर वडिलांचे नाव असायला हवे होते; तिथे नुसता फिकट निळा ढग पसरला होता. वडील काही बोलले नाहीत. मग १९५६ चे रजिस्टर उघडले. कागद तसाच भिजून वाळलेला, कडा तशाच पिवळ्या. पण आजोबांचे नाव, जात, जन्मतारीख सारे काळ्याभोर अक्षरांत जागच्या जागी! आजोबा दुसरीतून शाळा सोडून गुरांमागे गेले. त्यांच्या नावाची आमच्याकडची सर्वांत जुनी लेखी खूण म्हणजे ही एक ओळ, आणि त्याच ओळीवर माझे काम झाले.

"ही त्या वेळच्या गुरुजींची ब्लू-ब्लॅक," हेडमास्तर म्हणाले. "चौऱ्याऐंशी साली कुणीतरी साधी निळी वापरलेली दिसते."

दोन्ही शायाच, मग एक राहते आणि एक जाते, असे का? हा प्रश्न डोक्यातून जाईना.

उत्तर आजीच्या विळीवर सापडले. कच्चे केळे किंवा केळफूल चिरले की लोखंडी विळी काळी पडते आणि बोटेही काळी होतात. आवळा लोखंडी कढईत ठेवला तरी तोच प्रकार. या फळांत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. जुनी टिकाऊ शाई म्हणजे हीच क्रिया दौतीत घडवून आणणे. बाळगुटीत उगाळतात त्या मायफळात टॅनिन भरपूर असते. त्याचा अर्क काढायचा आणि त्यात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, मिसळायचा. युरोपात कित्येक शतके मुख्यतः याच शाईने लिहीत.

यातली गंमत अशी की ही शाई ताजी असताना फिकी असते. कागदावर उतरल्यावर हवेतला प्राणवायू तिला लागतो, मग लोहाचे रूप बदलते आणि पाण्यात न विरघळणारा काळा पदार्थ कागदाच्या तंतूंतच तयार होतो. शाई वाळते म्हणण्यापेक्षा ती कागदात जन्म घेते म्हणावे! लिहिणाऱ्याला लिहिताना अक्षर दिसावे म्हणून कारखानदारांनी तिच्यात निळा रंग घातला. आज निळे, काही दिवसांनी काळे, म्हणून ती 'ब्लू-ब्लॅक'. पाऊस आला तर निळा रंग वाहून जातो, काळे अक्षर राहते. आजोबांच्या नावाचे नेमके हेच झाले होते.

साधी निळी शाई म्हणजे पाण्यात विरघळवलेले कृत्रिम रंजक. असे रंजक आले ते विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाने १८५६ साली क्विनीन बनवायला जाऊन चुकून जांभळा रंग बनवला, त्यानंतर. (आपण अठराव्या वर्षी काय करत होतो, हा विचार मी सोडून दिला आहे.) जे पाण्यात विरघळून आले ते पाण्याबरोबर जाणारच. रॉयल ब्ल्यूच्या बाटलीवर तर 'वॉशेबल' असे छापलेले असते. पोरांच्या सदऱ्यावरचे डाग निघावेत, हा तिचा गुणच आहे. चूक शाईची नव्हती. ती रजिस्टरात वापरली, ही चूक.

मग मी बाटल्या जमवू लागलो. तालुक्याच्या गावी एक जुने स्टेशनरीचे दुकान आहे. तिथल्या काकांनी मला माळ्यावर चढू दिले. धुळीत कॅमलच्या बाटल्या मिळाल्या, क्विंकची एक, सुलेखाची एक. या नावांमागे इतिहास आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली. कॅमल शाई ही त्यानंतरची. योगायोग असा की पार्करची लवकर वाळणारी क्विंकही अमेरिकेत १९३१ सालीच आली. सुलेखा १९३४ ची, राजशाहीच्या मैत्र बंधूंची. परदेशी शाईने लिहिणे गांधीजींना खटकत होते, त्या स्वदेशीच्या ओढीतून ती जन्मली. मध्यंतरी तो कारखाना बंद पडला होता, २००६ साली पुन्हा सुरू झाला.

जुनी बाटली उघडली की दवाखान्यासारखा वास येतो. बुरशी धरू नये म्हणून शाईत फिनॉल घालत, त्याचा तो वास. मला आता तो आवडू लागला आहे. पण सावधगिरीची सूचना : जुनी शाई पेनात भरू नये. तळाशी साका बसलेला असतो. मी उत्साहाने भरली आणि एक चांगले पेन कायमचे तुंबवून बसलो. आता जुन्या शाईसाठी टाक वापरतो.

नव्या-जुन्याची तुलना मी दोन प्रकारे केली. टिपकागदाच्या पट्टीवर थेंब टाकून पट्टीचे टोक पाण्यात धरले. आजच्या एका काळ्या शाईतून निळा, जांभळा, पिवळा असे पट्टे वर चढले; काळा असा रंग तिच्यात नव्हताच! जुन्या ब्लू-ब्लॅकमधला निळा चढला आणि काळा डाग खाली बसून राहिला. आज मिळणाऱ्या एका ब्लू-ब्लॅकमध्ये मात्र बसून राहिले असे काहीच नाही. नाव राहिले आहे, लोखंड गेले आहे. जर्मनीची पेलिकन ४००१ आणि जपानची प्लॅटिनम यांच्या ब्लू-ब्लॅकमध्ये ते अजून असते. दुसरी कसोटी उन्हाची. उन्हाळ्याच्या सुटीत पत्र्यावर, काचेखाली लिहिलेले कागद ठेवले. रॉयल ब्ल्यू जवळजवळ उडाली. जुनी ब्लू-ब्लॅक राखाडी-काळी होऊन टिकली.

एवढे वाचून जुने ते सोने म्हणू नये. लोहाची शाई आम्लधर्मी असते. ती पोलादी निब खाते, आणि दाट असेल तर कागदही खाते. युरोपातील जुन्या दस्तऐवजांत अक्षरांच्या जागी भोके पडलेली आढळतात. आजोबांच्या पानाच्या पाठीमागेही अक्षरे तपकिरी उमटली आहेत, हे मी दुसऱ्या खेपेला पाहिले.

आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांत हा रोग सहसा नसतो, कारण त्यांची शाई बहुतांशी काजळी आणि डिंकाची. काजळी म्हणजे कार्बन. त्याला ऊन उडवत नाही आणि तो कागदही खात नाही. डिंक पाण्याने सुटतो, एवढीच तिची दुबळी बाजू. (तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत तरल्या, ही गोष्ट मला आता अधिकच मोठी वाटते.) आणि आजची सर्वांत महागडी टिकाऊ शाई कोणती? कार्बनचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेली! एका प्राध्यापकांनी मला तिचे चार थेंब दिले. टिपकागदावर ती जागची हलली नाही, आणि उन्हात तिच्यावर काही परिणाम दिसला नाही. मात्र पेनात वाळली तर निस्तरणे कठीण, म्हणून पेन रोज चालवावे लागते.

गेल्या दिवाळीत पुन्हा शाळेत गेलो. हेडमास्तरांच्या परवानगीने वडिलांच्या नोंदीचे पान उन्हाकडे धरून पाहिले. निबेने कागदावर उमटलेली चर तेवढी दिसली, त्यावरून आडनावाचे पहिले अक्षर लागले. पुढचे लागले नाही.

हा लेख मी ब्लू-ब्लॅकने लिहायला घेतला होता. शेवटच्या दोन पानांना ती पुरली नाही, ती रॉयल ब्ल्यूत आहेत. संपादक सरांनी तेवढी कोरड्या जागी ठेवावीत.