भेडाघाट : शेवटचे वीस किलोमीटर

बाबांची बदली जबलपूरला झाल्यापासून वर्गमित्र मला विचारतात, "भेडाघाटला जायचे कसे?" नकाशात उत्तर सोपे दिसते. मुंबईहून इटारसीमार्गे येणारी गाडी आधी भेडाघाट स्थानक ओलांडते, मग जबलपूर गाठते. पण लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या या लहान स्थानकावर थांबत नाहीत. म्हणून जबलपूरला उतरून सुमारे वीस किलोमीटर रस्त्याने मागे यावे लागते.

हा लोहमार्ग ऐतिहासिक आहे. मार्च १८७० मध्ये मुंबईकडची जीआयपी रेल्वे आणि अलाहाबादकडची ईस्ट इंडियन रेल्वे जबलपूरला जोडल्या गेल्या. मुंबई ते कोलकाता रेल्वेने सलग जाणे तेव्हा शक्य झाले.

नर्मदा दाराशी असूनही जलमार्ग नाही, कारण धुवांधार धबधबा नावेची वाट अडवतो. संगमरवरी कड्यांमधल्या नावा केवळ सहलीसाठी आहेत आणि पावसाळ्यात त्याही बंद असतात. धबधब्यावरून पलीकडच्या काठाला जायला रोपवे आहे.

म्हणजे सारी भिस्त रस्त्यावर. गावातून शहरात कॉलेजला किंवा दवाखान्यात जाणाऱ्यांचीही तीच वाट. रसद हजार किलोमीटर येऊन शेवटच्या नाक्यावर अडली, तर ती पोहोचली असे आपण कॅडेट म्हणत नाही. प्रवासाचेही तसेच. सुटीत भेडाघाटला जाणाऱ्या पालकांनी म्हणूनच परतीचे वाहन निघतानाच ठरवावे.