घर मुलाच्या नावावर करण्याआधी : मरणाची भीती आणि लांबलेलं आयुष्य

शाळेची सहल रायगडला निघाली की आम्ही आधी पाचाडला थांबतो. मागच्या वेळी जिजाऊंच्या वाड्याच्या जोत्यावर उभं राहून सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, वर गडावर एवढा राजवाडा असताना त्या खाली का राहायच्या?"

उत्तर सोपं आहे. गडावरचा वारा आणि थंडी उतारवयात त्यांना सोसत नव्हती, म्हणून शिवाजी महाराजांनी आईसाठी पायथ्याला वाडा बांधला. जिजाऊंचा जन्म १५९८ चा मानतात. शहाजीराजे १६६४ मध्ये गेले. त्यानंतर दहा वर्षं त्या होत्या. ६ जून १६७४ ला मुलाचा राज्याभिषेक पाहिला आणि १७ जूनला पाचाडलाच त्यांचं निधन झालं. म्हणजे वय पंचाहत्तरीच्या पुढं.

घरी परतताना मला आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा आठवले. बासष्टाव्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यातून आल्यावर पहिलं काम काय केलं? घर थोरल्या मुलाच्या नावावर केलं. "मास्तर, क्या भरोसा, कल रहूँ न रहूँ," असं म्हणाले होते. आज चाचा एकोणऐंशी वर्षांचे आहेत, अल्हम्दुलिल्लाह. पण ज्या घराच्या विटा त्यांनी कुवेतच्या पगारातून रचल्या, त्याच घरात ते पाहुण्यासारखे राहतात. मुलीला वाटा मिळाला नाही. चाचींच्या नावावर तर काहीच नाही.

चाचांना हसू नका. आपल्या भागात मरणाची भीती उगाच नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते इथं दरडी कोसळून शेकड्यावर माणसं गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटी गाड्यांसकट वाहून गेला. २४ ऑगस्ट २०२० ला महाडच्या काजळपुऱ्यात पाच मजली इमारत पडून १६ जणांचा जीव गेला. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गाडली गेली. हे सगळं पाहिलेला माणूस "आजच सगळं उरकून टाकू" असं म्हणणारच.

पण हिशोबाची दुसरी बाजूही पाहू. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. याचा अर्थ सगळे बत्तिशीत मरत असा नाही. लहान मुलं फार दगावत, म्हणून सरासरी खाली यायची. आता सरकारी नमुना नोंदणीनुसार ते सुमारे ७० आहे आणि महाराष्ट्रात त्याहून थोडं जास्त. त्याहून कामाचा आकडा वेगळाच आहे. जो माणूस साठीला पोचला, त्याला अजून सरासरी १८ वर्षं मिळतात. बायकांना थोडी जास्तच. त्यात आपल्याकडे बायको नवऱ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असते. म्हणजे बहुतेक घरांत शेवटची काही वर्षं अम्मी एकटी राहणार, हे आजच गृहीत धरायला हवं.

गोची इथंच आहे. आपण जगतो ऐंशीपर्यंत, आणि निर्णय घेतो उद्याच मरणार असल्यासारखे. "माझ्या डोळ्यांदेखत उरकू दे" म्हणून मुलीची दहावी-बारावी होताच निकाह लावतो. तिच्यापुढंही साठ वर्षांचं आयुष्य आहे, हे विसरतो. आखातातून परतलेल्याला नोकरी सुटताना एकरकमी पैसे मिळतात, तिथलं पेन्शन नाही. ते पैसे बंगल्यात आणि लग्नांत दोन वर्षांत संपतात. पुढची वीस वर्षं औषधाच्या पैशासाठी मुलाच्या तोंडाकडे बघायचं.

या बाबतीत आपल्या दीनमध्ये स्पष्ट वाट दाखवलेली आहे. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) मक्केत फार आजारी पडले. आता वाचत नाही, असं त्यांना वाटलं. वारस म्हणून तेव्हा एकच मुलगी होती. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारलं, बरीचशी मालमत्ता दान करू का? नाही, असं उत्तर मिळालं. मग निम्मी? तेही नाही. एक तृतीयांश चालेल, आणि तेही पुष्कळ आहे, असं प्रेषितांनी (स.) सांगितलं. वारसांना लोकांपुढं हात पसरायला लावण्यापेक्षा सुस्थितीत ठेवून जाणं बरं, हेही सांगितलं. पुढं काय झालं? साद (रजि.) बरे झाले. कादिसियाच्या लढाईत त्यांनी सेनापतिपद सांभाळलं, त्यांना आणखी मुलंबाळं झाली आणि त्या आजारानंतर ते चार दशकांहून जास्त जगले. भीतीच्या भरात सगळं देऊन बसले असते तर?

वसीयतीला एक तृतीयांशची मर्यादा आहे ती इथूनच. वारसाच्या नावे वसीयत करायची तर बाकीच्या वारसांची संमती लागते. हिबा मात्र वेगळा. दिला, समोरच्यानं स्वीकारला आणि ताबा गेला, की गोष्ट संपली. तो परत घेणं फार अवघड. विरासतीत मुलीचा वाटा आहे, आणि मुलंबाळं असलेल्या नवऱ्यामागं बायकोचा आठवा हिस्सा आहे. पण अब्बांनी हयातीतच घर एका मुलाला हिबा केलं, तर मागं वाटायला उरतं काय?

देशाचा कायदाही माहीत असू द्या. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा सर्व धर्मांना लागू आहे. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. अर्ज प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. २ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ऊर्मिला दीक्षित प्रकरणात आईनं मुलाला दिलेलं घर तिला परत मिळवून दिलं. तिथं मुलानं सांभाळण्याचं वेगळं लिहून दिलं होतं, ते कामी आलं. म्हणून द्यायचंच असेल तर अट तोंडी ठेवू नका, लिहून घ्या. सही करण्याआधी एका आलिमला आणि एका वकिलाला, दोघांनाही विचारा.

प्रेषितांनी (स.) उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवायला शिकवलं. उद्या मरण आलं तर कर्जाची नोंद, कागदपत्रं आणि वसीयत तयार हवी. आणि वीस वर्षं आयुष्य मिळालं तर राहतं घर नावावर, अम्मीच्या नावे थोडी ठेव, तिची मेहर चुकती आणि महिन्याला येणारी काही रक्कम हवी. दोन्हींची तयारी एकाच वेळी करता येते.

आणि आखातात कमावणाऱ्या मुलांनो, गावी दोन मजले चढवताना एक गोष्ट बघा. अब्बांची खोली तळमजल्यावर आहे का? संडास घरातच आहे का? रात्री उठताना धरायला कठडा आहे का? महाराजांनी आईला गड चढायला लावला नाही, तिच्यासाठी वाडा खाली बांधला. सातवीतल्या त्या मुलीला मी एवढंच सांगितलं. घरी जाऊन तिनं ते अब्बांना सांगितलं असेल, इन्शाअल्लाह.