गालिच्याचे यंत्र आणि घरातील दमेकरी

मंगळवेढ्याच्या जुन्या घरांतून गालिचा हा शब्द फारसा ऐकू येत नसे. बैठकीत सतरंजी किंवा जाजम, पाहुण्यासाठी बसकर, आजोबांच्या खाटेवर घोंगडी आणि तिच्याखाली आजीने हाताने शिवलेली वाकळ, एवढाच अंथरुणा-पांघरुणाचा संसार असे. अलीकडे पुण्यास नोकरीला असलेली मुले सणाला येताना दाट लवीचा गालिचा घेऊन येतात आणि पुढच्या खेपेस तो स्वच्छ करण्याचे यंत्रही आणतात. यंत्र घेऊन घरी येणारी, सोफा-गालिचे धुऊन देणारी मंडळीही आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहेत. त्यामुळे दवाखान्यात नाडी तपासता तपासता प्रश्न येतो, ‘डॉक्टर, आईला दमा आहे, कोणते मशीन घेऊ?’ हा प्रश्न औषधाच्या प्रश्नाइतक्याच गांभीर्याने घ्यावा असा आहे. चुकीचे यंत्र, किंवा चांगले यंत्र चुकीच्या रीतीने चालवणे, यामुळे वृद्ध माणसाची रात्र बसून काढण्याची वेळ येऊ शकते.

आधी आपल्या घरातील धूळ कशाची आहे ते पाहू. आपला भाग ज्वारीचा आणि काळ्या मातीचा. मळणीच्या दिवसांत भुसकट उडते, वैशाखात वावटळी उठतात, आणि काळ्या मातीचा अतिशय बारीक कण चपलेबरोबर, वाऱ्याबरोबर आत येऊन सतरंजीच्या विणीत बसतो. हा झाला बाहेरचा भाग. आतला भाग डोळ्यांना दिसत नाही. धुळीत माइट नावाचे आठ पायांचे सूक्ष्म जीव राहतात. त्यांची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी असते. आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर ते जगतात आणि त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे अनेकांना शिंका, खाज व दमा यांचा त्रास होतो. या जिवांना पाणी पिता येत नाही. हवेतील ओलावा शोषून ते जगतात. हवेतील आर्द्रता दीर्घकाळ पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली तर त्यांचा निभाव लागत नाही. आपला कोरडा उन्हाळा हे या बाबतीत मोठे वरदान आहे. परंतु खिडक्या बंद करून रात्रंदिवस पाण्याचा कूलर चालवला की ते वरदान आपणच घालवतो. कूलर लावावा, समोरची खिडकी मात्र उघडी ठेवावी.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ती विक्रेता सांगणार नाही. यंत्राने दमा बरा होत नाही. माइट कमी करण्याच्या निरनिराळ्या उपायांवर झालेल्या अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केला. या उपायांनी दम्यात सिद्ध होईल असा फायदा दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून यंत्र घेतले तरी डॉक्टरांनी दिलेला पंप बंद करू नये. घर स्वच्छ राहावे, धुळीने येणारा खोकला कमी व्हावा, वाकून झाडण्याचे कष्ट वाचावेत, या हेतूने यंत्र घ्यावे. तेवढा हेतूही पुरेसा चांगला आहे.

त्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा: हा गालिचा घरात हवाच का? जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे आहे. शहाबादी किंवा गुळगुळीत फरशीवर सुटी अंथरलेली सतरंजी, वर वळलेला कोपरा, न्हाणीघराच्या दारातले सरकते पायपुसणे यांवरून रात्री लघवीला उठलेला माणूस घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. ज्या खोलीत आजोबा-आजी झोपतात तेथील गालिचा मी सरळ काढून टाकायला सांगतो. फरशी ओल्या फडक्याने पुसता येते. तिला यंत्र लागत नाही. मुलगा हौसेने आणतो म्हणून नकार देणे जड जाते, हे मला ठाऊक आहे. बैठकीत अंथरा, खाली न घसरणारी रबरी जाळी घाला आणि कडा दाबून बसवा.

यंत्रांचे मुख्य प्रकार दोन. एक कोरडी धूळ ओढणारे, दुसरे पाणी फवारून तेच मळके पाणी पुन्हा ओढून घेणारे. कोरड्या यंत्राचा जन्म लंडनमधला. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअराने १९०१ मध्ये बनवलेले यंत्र इतके अवजड होते की ते घोडागाडीवर रस्त्यात उभे करून लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडाव्या लागत. सातव्या एडवर्डच्या १९०२ च्या राज्यारोहणापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचा त्याच्याच यंत्राने साफ झाला. आज ते यंत्र एका हाताने उचलता येते, पण बूथची कल्पना आजही तशीच आहे: धूळ फुंकून उडवायची नाही, ओढून घ्यायची आणि अडवून ठेवायची. ‘अडवून ठेवायची’ हा भाग स्वस्त यंत्रांत कच्चा राहतो. पुढून धूळ ओढली जाते, मागून तिचा सर्वांत बारीक अंश हवेत परत फेकला जातो आणि तोच श्वासनलिकेत खोलवर जातो.

म्हणून खरेदी करताना वॅटचा आकडा पाहून भुलू नये. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खाते ते. किती ओढते ते नव्हे. हेपा गाळणी आहे का, ते विचारावे. खरी हेपा गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे कण ९९.९७ टक्के अडवते. युरोपीय पद्धतीची एच-१३ गाळणीही चालेल. ‘हेपासारखी’ असे लिहिले असेल तर ती हेपा नव्हे. गाळणी चांगली असून यंत्राच्या सांध्यांतून हवा गळत असेल, तर उपयोग नाही. दुकानात किंवा घरी मागच्या हवेच्या झरोक्यासमोर पांढरा रुमाल धरून दोन मिनिटे यंत्र चालवावे. रुमालावर डाग उमटला तर ते यंत्र दमेकऱ्याच्या घरात नको. डाग उमटला नाही म्हणून सूक्ष्म कणही अडले असे मात्र सिद्ध होत नाही.

पिशवीचे यंत्र घ्यावे की डब्याचे? डब्याच्या यंत्राला पिशव्यांचा खर्च नाही, म्हणून तेच अधिक खपते. पण डबा उपडा करताना जो धुरळा उठतो तो थेट तोंडावर येतो. घरात दमेकरी असेल तर तोंड बंद करून फेकता येणारी पिशवीच बरी, असे माझे मत आहे. पिशव्या सोलापुरात सहज मिळतात की मागवाव्या लागतात, याची चौकशी यंत्र घेण्याआधी करावी. वजनही पाहावे. यंत्र चालवणारी व्यक्ती पुष्कळदा साठीची सूनच असते. तिचे गुडघे आणि कंबर यांचा विचार व्हावा. नळी इतकी लांब असावी की ताठ उभे राहून काम करता येईल.

आता पाण्याच्या यंत्राकडे वळू. त्याला ‘स्टीम क्लीनिंग’ म्हणतात, पण बहुतेक यंत्रांतून गरम पाणी फवारले जाते, वाफ नव्हे. येथे काळ्या मातीचा स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. कोरडी असताना ही माती झटकली की निघते. तिच्यावर पाणी पडले की चिखल होऊन विणीत घट्ट बसते. म्हणून आधी सतरंजी उलटी करून अंगणात बडवावी, मग यंत्राने सावकाश, उभी आणि आडवी, दोन्ही अंगांनी ओढावी आणि त्यानंतरच पाण्याला हात लावावा. घरी येणाऱ्या कारागिराने कोरडी धूळ न ओढता थेट फेस करायला घेतला, तर त्याला थांबवावे.

फेसाचे द्रव्य जास्त घातले म्हणजे स्वच्छता जास्त, ही समजूत घातक आहे. सांगितल्यापेक्षा दाट मिसळलेला शॅम्पू गालिच्यात वाळून बारीक भुकटी होतो आणि चालता-बसता हवेत उडतो. अशा शॅम्पूच्या अवशेषांमुळे एकाच इमारतीतील अनेकांना खोकला व घशाची जळजळ झाल्याच्या घटना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत. आपल्याकडील बोअरच्या जड पाण्यात फेस कमी होतो, म्हणून हात अधिकच सैल सुटतो. द्रव्य मापानेच घालावे, शक्य तर शुद्ध केलेले पाणी वापरावे आणि शेवटी नुसत्या पाण्याची एक फेरी मारून ते ओढून घ्यावे. सुगंधी द्रव्य घेऊ नये. दमेकऱ्याच्या नाकाला मोगरा आणि फिनेल सारखेच.

यानंतर वाळवण्याचे काम. ओल राहिलेल्या गालिच्यात एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागते, आणि धुळीपेक्षा बुरशी वाईट. धुतल्यापासून चोवीस तासांच्या आत तो खालच्या बाजूनेही कोरडा लागला पाहिजे. पंखा लावावा, कडा उचलून खाली वीट द्यावी. आषाढ-श्रावणात गालिचा धुवायला काढूच नये. नवरात्राआधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे धुण्याची आपली रीत पाऊस ओसरण्याच्या सुमाराची आहे. ऊन पाहून ती पाळावी. सोलापुरी चादर सुती असते, ती साठ अंश गरम पाण्यात धुतली तर माइट मरतात आणि त्यांची घाणही वाहून जाते. नवी चादर मात्र रंग जातो का ते पाहूनच गरम पाण्यात घालावी.

घोंगडीची गोष्ट निराळी. ती दख्खनी मेंढीच्या लोकरीची, आणि विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते. गरम पाणी, वाफ आणि फिरता ब्रश या तिन्हींनी ती आटते किंवा पिंजते. ब्लीचिंगचे द्रव्य तर लोकर अक्षरशः विरघळवते. घोंगडीला कडक ऊन दाखवावे, काठीने बडवावे आणि ब्रश काढलेल्या नळीने हलकेच धूळ ओढावी. उन्हाने माइट मरतात, पण त्यांची घाण तिथेच राहते. म्हणून उन्हानंतर झटकणे हवेच.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची सेवा करणाऱ्यांसाठी थोडे अधिक सांगतो. गादीवर किंवा सतरंजीवर लघवी झाली तर घासू नये. जुन्या कापडाने दाबून टिपावी, थंड पाणी शिंपडून पुन्हा टिपावी. ओले-कोरडे दोन्ही ओढणारे यंत्र असेल तर येथे त्याचा खरा उपयोग होतो. साध्या कोरड्या यंत्राने मात्र ओल कधीही ओढू नये. मोटार जळते आणि विजेचा धक्का बसू शकतो. रक्त किंवा उलटीच्या डागावर गरम पाणी टाकले तर डाग पक्का होतो. वासासाठी एन्झाइमयुक्त द्रव्य मिळते, ते बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत मुरू द्यावे. लघवीच्या जागी ब्लीच ओतू नये. लघवीतील अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू तयार होतो. ब्लीच आणि संडास धुण्याचे आम्ल एकत्र झाले तर क्लोरीन सुटतो. बंद खोलीत पलंगावरून उठू न शकणारा माणूस असेल तर त्याला पळताही येत नाही.

यंत्राची निगा हा कंटाळवाणा विषय, पण बहुतेक यंत्रे तिच्याअभावीच माळ्यावर जातात. पिशवी दोन-तृतीयांश भरली की बदलावी. ब्रशला गुंडाळलेले केस आणि दोरे कात्रीने कापून काढावेत. धुता येणारी गाळणी धुतल्यावर पूर्ण दिवसभर वाळू द्यावी. ओलसर गाळणी बसवली की यंत्रातून कुबट वास येतो, आणि तो वास बुरशीचा असतो. कागदी हेपा धुवू नये, बदलावी. पाण्याच्या यंत्रातील मळकी टाकी त्याच दिवशी रिकामी करून, धुऊन, झाकण उघडे ठेवावी. जड पाण्याचा पांढरा थर पाणी तापवण्याच्या भागावर बसतो. पुस्तिकेत मनाई नसेल तर लिंबूसत्त्वाच्या पाण्याने तो काढता येतो. बाहेरच्या कारागिराला बोलावले असेल तर त्याची नळी आणि ब्रश आधी साफ करून घ्यावेत. दुसऱ्या घरचे ढेकूण पाहुणे म्हणून यायला नकोत.

बाराशे ते सोळाशे वॅटचे यंत्र पाच ते सात अँपिअर वीज ओढते. ते मोठ्या पिनेच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावावे. ऑक्सिजनच्या यंत्राच्या जोडपट्टीवर ते कदापि लावू नये. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने चालू यंत्राची मोटार छातीपासून किमान वीतभर लांब ठेवावी. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्यांनी वाफेच्या यंत्राजवळ जाऊ नये. भाजल्याचे त्यांना कळतच नाही.

सफाईच्या दिवशी दमेकऱ्यास दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी बसवावे आणि काम संपल्यावरही अर्धा तास आत आणू नये. यंत्र चालवणाऱ्याने नाकावर मास्क लावावा. पंप कपाटात न ठेवता रुग्णाच्या हाताशी ठेवावा. त्या रात्री पंप घेऊनही धाप थांबत नसेल, एक वाक्य एका दमात पुरे होत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता रुग्णाला बसत्या स्थितीतच दवाखान्यात आणावे.