जळणारा फ्यूज काय सांगतो?

सातपुड्यांत धडगांवकडे जाणारा चांदसैलीचा घाट आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. पावसाळ्यांत तेथें दरड कोसळते, धुकें रस्त्यावर उतरतें, आणि वळणावळणाला एका अंगास दरी असते. कांहीं वर्षांपूर्वीं श्रावणांतील एका रात्रीं मी एका स्नेह्यांच्या मोटारींतून हा घाट उतरत होतों. अर्ध्या वाटेवर, अगदीं वळणाच्या तोंडाशीं, गाडीचे पुढील दिवे एकाएकीं विझले. त्याच क्षणीं जळक्या रबराचा उग्र दर्प नाकांत शिरला. स्नेह्यांनीं प्रसंगावधान राखून गाडी डोंगराच्या बाजूस घेतली व थांबविली, म्हणूनच हा लेख लिहावयास मी आज आहें.

दुसऱ्या दिवशीं गाडीची फ्यूजपेटी उघडली. दिव्यांच्या फ्यूजच्या जागीं सिगारेटच्या पाकिटांतील चंदेरी कागदाची घट्ट गुंडाळी बसविलेली आढळली. माझे स्नेही म्हणाले, “मास्तर, फ्यूज तीनदां गेला होता. म्हणून मिस्त्रीनें हा कायमचा इलाज केला.” या ‘कायमच्या इलाजाचा’ अर्थ काय, आणि तो किती भयंकर आहे, हें समजून घेण्यासाठीं मोटारींतील विजेची थोडी ओळख करून घेऊं.

मोटारींत विजेचा सांठा करणारी बॅटरी असते. शिशाचीं पत्रें व सौम्य गंधकाम्ल यांची ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं प्रथम तयार केली. नेहमींच्या मोटारींतील बॅटरी १२ व्होल्टची म्हणून ओळखली जाते. ती पूर्ण भरलेली व स्वस्थ असतां तिचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट भरतो. एंजिन सुरू झालें म्हणजे अल्टरनेटर नांवाचें जनित्र वीज उत्पन्न करूं लागतें आणि हा दाब सामान्यतः १४ व्होल्टच्या आसपास जातो. बॅटरीचें धन टोंक तारांनीं निरनिराळ्या उपकरणांस जोडलेलें असतें. ऋण टोंक मात्र गाडीच्या लोखंडी सांगाड्यास जोडतात. म्हणजे वीज तारेनें जाते व सांगाड्यावाटे परत येते. या परतीच्या वाटेस ‘अर्थ’ म्हणण्याचा प्रघात आहे. ही वाट तारांत मोजली जात नाहीं, म्हणून तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं; आणि पुष्कळ बिघाडांचें मूळ मात्र तेथेंच असतें.

आतां थोडें गणित करूं. ६० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर लाविला तर त्यांतून ५ अँपिअर प्रवाह वाहतो. असे दोन दिवे म्हणजे १० अँपिअर. तेवढ्यास पुरेल अशी तार कारखानदार घालतो, व तिच्या रक्षणासाठीं १५ अँपिअरचा फ्यूज बसवितो. माझ्या स्नेह्यांनीं अधिक उजेड पडावा म्हणून १०० वॅटचे दोन दिवे बसविले होते. त्यांना सुमारें १७ अँपिअर लागत. त्यांतच ५५ वॅटचे धुक्याचे दोन दिवे त्याच तारेला जोडून घेतले. त्यांचे ९ अँपिअर. एकूण २६ झाले! धुक्याचे दिवे लागले कीं फ्यूज जाई, यांत नवल तें काय?

तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा जूलचा नियम आपण पदार्थविज्ञानांत शिकतों. १० च्या जागीं २६ अँपिअर वाहिले तर उष्णता अडीचपट नव्हे, तर जवळजवळ सातपट होते. एवढी उष्णता तारेवरील वेष्टणास सोसत नाहीं. तें मऊ होऊन वितळतें, उघडी तार सांगाड्यास टेकते आणि मग बॅटरींतील सारी शक्ति एका ठिकाणीं लोटते. फ्यूजमध्यें मुद्दाम एक दुबळी पट्टी ठेवलेली असते, ती एवढ्यासाठींच कीं तार तापण्यापूर्वीं ती वितळावी. ती पट्टी काढून तेथें चंदेरी कागद घातला, म्हणजे साखळींतील सर्वांत दुबळी कडी दुसरी कोणती तरी होते. आमच्या गाडींत ती दिव्यांची मूळ तार झाली. पुष्कळ गाड्यांत उजव्या व डाव्या दिव्यास निरनिराळे फ्यूज असतात. पण येथें दोहोंना प्रवाह पुरविणारी तारच जळाल्यामुळें दोन्हीं दिवे एकदम गेले.

फ्यूजवर आंकडा असतो व रंगही ठरलेला असतो : १० अँपिअरचा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिंवळा, ३० चा हिरवा. निळ्याच्या जागीं हिरवा बसविणें म्हणजे चंदेरी कागद घालण्याचाच सभ्य प्रकार होय. एखादा फ्यूज जुना होऊन एकदां गेला तर त्याच आंकड्याचा दुसरा घालावा. पण तोही गेला तर तिसरा शोधूं नये, कारण शोधावें.

फ्यूज सर्वच संकटांपासून रक्षण करतो असें मात्र नाहीं. समजा, ‘अर्थ’चा एक बोल्ट ढिला झाला किंवा त्यावर गंज चढला, आणि त्या सांध्यांत केवळ ०.१ ओहम इतका रोध उत्पन्न झाला. त्यांतून १० अँपिअर वाहूं लागले कीं १ व्होल्ट तेथेंच खर्च होतो, दिवा मंद जळतो, आणि त्या चिमुकल्या जागीं १० वॅट उष्णता सतत निर्माण होते. प्रवाह वाढलेला नसल्यामुळें फ्यूज स्वस्थच राहतो. सांधा मात्र काळा पडतो, त्याचें प्लॅस्टिक करपतें, रोध आणखी वाढतो व उष्णताही वाढते. म्हणून दिवे लुकलुकणें, हॉर्नचा आवाज बसणें, गाडी सुरू होतांना नुसता ‘टक् टक्’ आवाज होणें, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींचीही नोंद घ्यावी.

आपल्या जिल्ह्यांत अशा बिघाडांस दोन कारणें विशेषेंकरून साह्य करतात. पहिलें पावसाचें पाणी. अक्कलकुवा व अक्राणीच्या डोंगराळ भागांत पावसाळ्यांत गाडीला ओढेनाले ओलांडावे लागतात. चिखलाचें पाणी सांध्यांत शिरलें कीं तांब्यावर हिरवट क्षार जमतो. पावसाळ्यांतील बिघाड दिवाळीनंतर आपोआप बरा होतो, असें पुष्कळ लोक म्हणतात. वस्तुतः पाणी वाळतें, क्षार राहतो, व पुढल्या मृगांत दुखणें पुन्हां उद्भवतें. दुसरें कारण उंदीर. ज्या घरीं ज्वारीचीं पोतीं आहेत तेथें उंदीर आहेत, आणि तेथेंच ओसरीला मोटार उभी असते. एंजिनाच्या उबेला उंदीर वस्ती करतो व तारांचें वेष्टण कुरतडतो. आठ-पंधरा दिवस गाडी उभी राहिली असेल तर ती सुरू करण्यापूर्वीं बॉनेट उघडून पाहण्यास दोन मिनिटें पुरतात.

आधुनिक मोटारींत ही गोष्ट अधिक गुंतागुंतीची झाली आहे. पूर्वीं प्रत्येक बटणापासून प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र तार असे. आतां एका गाडींत अनेक लहान लहान संगणक असतात, आणि ते एकमेकांत पिळलेल्या दोन तारांवरून परस्परांस निरोप धाडतात. बॉश या जर्मन कंपनीनें ही पद्धति १९८६ सालीं जगापुढें मांडली. तिच्यामुळें तारांचा पसारा कमी झाला. परंतु एका ढिल्या सांध्यामुळें अनेक संगणक एकाच वेळीं गोंधळूं शकतात. मग काटे नाचतात, ब्रेकचा, एअरबॅगचा व एंजिनाचा असे इशाऱ्याचे दिवे एकदम लागतात. मिस्त्री तपासणीचें यंत्र लावतो, तें एका सेन्सरचें नांव दाखवितें, आणि तो सेन्सर बदलला जातो. महिन्यानें दुसऱ्याचें नांव निघतें. यंत्र ‘तक्रार कोठून आली’ एवढेंच सांगतें. ‘दोष कोठें आहे’ हें माणसानेंच शोधावयाचें असतें. बॅटरीचा दाब मोजणें व ‘अर्थ’चे बोल्ट तपासणें या दोन अल्पमोली गोष्टी प्रथम केल्या, तर अनेक वेळां पुढला मोठा खर्च वांचतो.

येथें कोणी म्हणेल, हा सर्व खेडवळ मिस्त्रीचा व हौशी मालकाचा दोष झाला. मोठमोठे कारखाने असें करीत नसतील. दुर्दैवानें तसें नाहीं. अमेरिकेंतील जनरल मोटर्स या प्रचंड कंपनीच्या कांहीं गाड्यांत चावीचें बटण फार सैल होतें. गाडीस धक्का बसला किंवा किल्ल्यांचा जुडगा जड असला, तर चावी चालत्या गाडींत आपोआप फिरे. एंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई, आणि अपघात झाला तरी एअरबॅग उघडत नसे. तक्रारी येत होत्या. २००५ सालीं विक्रेत्यांस कळविण्यांत आलें कीं, ग्राहकांना जुडगा हलका ठेवण्यास सांगा! पुढें तो भाग सुधारला गेला, पण त्याचा क्रमांक तोच ठेवल्यामुळें बदल झाल्याचें पुष्कळ काळ ध्यानांत आलें नाहीं. शेवटीं २०१४ सालीं सुमारें २६ लक्ष गाड्या परत बोलवाव्या लागल्या. नुकसानभरपाईसाठीं नेमलेल्या निधीनें १२४ मृत्यूंचा संबंध या दोषाशीं असल्याचें मान्य केलें. जुडगा हलका करा हा सल्ला आणि आमचा चंदेरी कागद, यांत तत्त्वतः फरक काय?

आपल्या देशांतील उदाहरण नॅनो गाडीचें. सामान्य कुटुंबास परवडावी म्हणून टाटा मोटर्सनें ती २३ मार्च २००९ रोजीं मुंबईंत विक्रीस आणली. त्याच वर्षीं कांहीं गाड्यांतून धूर निघाल्याच्या तक्रारी आल्या, व स्टिअरिंगजवळील बटणाकडे संशय गेला. मार्च २०१० मध्यें मुंबईंत एका नव्या कोऱ्या नॅनोनें पेट घेतला. गाडीच्या मूळ रचनेंत दोष नाहीं, अशी कंपनीची भूमिका होती. तरीही त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत विकलेल्या गाड्यांना विजेच्या व धुराड्याच्या भागांत जादा संरक्षण विनामूल्य बसवून देण्याचें तिनें जाहीर केलें. अशा वेळीं गाड्या परत बोलवावयास लावणारा कायदा तेव्हां आपल्याकडे नव्हता. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती झाली, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्यासंबंधींचे नियम अंमलांत आले. सात वर्षांच्या आंतील एकाच जातीच्या गाड्यांविषयीं ठराविक संख्येनें तक्रारी आल्या, तर सरकार चौकशी करून त्या परत घेण्याचा हुकूम देऊं शकतें, व कारखानदारास १० लक्षांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. म्हणजे आपण नोंदविलेली एक तक्रार ही केवळ आपली कुरकुर राहत नाहीं. ती इतरांच्या संरक्षणार्थ दिलेली साक्ष ठरते.

आतां आचरणांत आणण्याजोग्या चार गोष्टी सांगतों. पहिली : चावी फिरवितांच इशाऱ्याचे दिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत. एखादा विझला नाहीं, किंवा मुळींच लागला नाहीं, तर गाडी दाखवावी. एअरबॅगचा दिवा जळत राहिला तर अपघातांत ती पिशवी उघडेलच असा भरंवसा धरूं नये. दुसरी : बॅटरी सोडवितांना प्रथम ऋण टोंक सोडवावें व जोडतांना तें शेवटीं जोडावें. धन टोंक आधीं सोडवितांना पाना सांगाड्यास लागला तर जबर ठिणगी उडते. तिसरी : विजेवर चालणाऱ्या गाड्यांत नारिंगी वेष्टणाच्या तारांत शेंकडों व्होल्टचा दाब असतो, त्यांना अनभिज्ञ माणसानें हात लावूं नये. चौथी : चालत्या गाडींत धूर दिसला तर ती कडेला घ्यावी, चावी बंद करावी, प्रथम माणसें उतरवावीं, मग सामानाची चिंता करावी. बॉनेट सताड उघडूं नये, कारण ताजी हवा मिळतांच आग भडकते. दूर उभे राहून ११२ या क्रमांकावर मदत मागावी.

माझ्या स्नेह्यांच्या गाडीचें पुढें काय झालें? जळालेली तार नवी घातली, १०० वॅटचे दिवे काढून मूळचे बसविले, आणि धुक्याच्या दिव्यांस स्वतंत्र तार, रिले व फ्यूज दिला. खर्च झाला; पण त्यानंतर त्यांचा दिव्यांचा फ्यूज गेल्याचें मीं ऐकलें नाहीं. तो चंदेरी कागद मात्र मीं मागून घेतला आहे. विजेचा पाठ शिकवितांना तो मी वर्गांत दाखवितों, व विद्यार्थ्यांस एकच सांगतों कीं, फ्यूज जळतो तेव्हां तो आपणांस त्रास देत नसतो. तो आपल्या जागीं स्वतः जळत असतो. त्याचें तोंड बंद करणें सोपें आहे. त्याचें म्हणणें ऐकून घेणें, हेंच शहाणपणाचें लक्षण होय.