कुंडीतील कागदी लिंबाची निगा

लिंबू हे घरोघरी नित्य लागणारे फळ आहे. ज्यांच्यापाशी परसबागेपुरतीही जमीन नाही, अशा कुटुंबांना ओसरीवर किंवा गच्चीवर कुंडीत कागदी लिंबाचे झाड जोपासता येते. परंतु अशी पुष्कळ झाडे अकाली वाळतात. त्याचे कारण बहुधा पाण्याची टंचाई नसून पाण्याचा अतिरेक व उजेडाची उणीव हे असते.

जागा : झाडास दररोज निदान सहा तास ऊन मिळावे. अंधाऱ्या माजघरात ते फळत नाही. सावलीतील झाड एकदम कडक उन्हात ठेवू नये. आठवडाभर क्रमाक्रमाने ऊन वाढवावे.

कुंडी व माती : सुमारे ४५ सें. मी. व्यासाची कुंडी किंवा जुना पत्र्याचा डबा घ्यावा. तळास तीन-चार छिद्रे पाडून त्यांवर खापऱ्या पालथ्या ठेवाव्यात. नुसती काळी माती वापरू नये. दोन भाग पोयटा, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग जाड वाळू यांचे मिश्रण भरावे. रोपापेक्षा गुटी कलमास लवकर फळे येतात. बुंध्याभोवती मातीचा ढीग करू नये.

पाणी : मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. माती सतत चिंब राहिल्यास मुळे कुजतात व त्यांना पाणी शोषता येत नाही. म्हणून माती ओली असतानाही पाने मलूल होतात. झाड तहानले असे समजून आणखी पाणी घातले जाते आणि त्यानेच झाडाचा घात होतो. यास्तव मातीत दोन पेरे बोट खुपसून पाहावे. ओल लागल्यास पाणी देऊ नये. माती कोरडी लागल्यास मात्र तळातून निथळेपर्यंत द्यावे. कुंडीखालील ताटलीत पाणी साचू देऊ नये.

खत व कीड : पावसाळ्याच्या आरंभी व थंडीच्या अखेरीस वरची माती हलवून मूठभर निंबोळी पेंड व शेणखत मिसळावे. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी लिंबावरील फुलपाखराची असते. ती हाताने वेचून नष्ट करावी. बुंध्यातून फुटणारे पानसोट वेळीच काढावेत. पहिल्या वर्षीची फळे लहान असतानाच खुडावीत, म्हणजे झाड बळ धरते.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी शाळेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या ओसरीवर अशी एक कुंडी लावून बोटाने ओल पाहण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी. एवढी एक सवय जडली, तरी कित्येक झाडे वाचतील.